देव नसलेली जत्रा, लोण्याची गाय

नमस्कार मंडळी! जत्रा म्हटलं की आपल्याकडे आधी देव, मग पाळणे आणि भेळ. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेत देव नाही, तरी दर्शनाची रांग लागते. काचेआड उभ्या असलेल्या लोण्याच्या गाईसाठी!

[पडद्यावर: काचेची खोली, आत गाय]

साडेपाच फूट उंच, आठ फूट लांब, अंगावर सुमारे ६०० पौंड, म्हणजे २७० किलो लोणी. ‘अंगावर’ मुद्दाम म्हणतोय. आत लाकूड, लोखंड, तारा आणि जाळी यांचा सांगाडा असतो. मोठे गणपती करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नुसत्या लोण्याच्या चार पायांवर एवढं धूड उभंच राहणार नाही.

आता लोणी. ते ३२ ते ३५ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, विशीतच, सैल पडायला लागतं. आणि जत्रा असते ऐन ऑगस्टमध्ये. म्हणून खोली ४ अंशांच्या आसपास ठेवतात. मात्र त्या थंडीत लोणी विटेसारखं कडक, सांगाड्याला चिकटायचं कसं? आधी मऊ करून घ्यायचं, हाताने थर चढवायचे, मग थंडीत आवळू द्यायचं. जास्त मऊ झालं तर थर घसरतो, कमी झालं तर भेगा. शिवाय लोण्यात पाणी कमीच हवं. आपलं ताकावरचं ताजं लोणी इथे कामाचं नाही, ते खावं भाकरीशी.

हे लोणी खायला कुणाला देत नाहीत. तेच दहा-दहा वर्षं वापरतात.

खरी परीक्षा असते कासेची. जत्रेत जातिवंत दुभत्या गाईंच्या स्पर्धा असतात. अमेरिकेत दुभती गाय जोखायचा गुणतक्ता ठरलेला आहे: १०० पैकी ४० गुण एकट्या कासेला, २५ दुधाळ बांध्याला, २० मागच्या पायांना आणि खुरांना, उरलेले १५ अंगकाठीला. पहिल्या नंबराला निळी फीत. हे गुण तोंडपाठ असलेली माणसं काचेसमोर येतात. सडांची ठेवण चुकली, पोटाखालची दुधाची शीर नीट उठली नाही, की त्यांच्या लगेच लक्षात येतं. १९६० पासून साडेचार दशकं ही गाय घडवणाऱ्या नॉर्मा ‘डफी’ लायन पशुविज्ञान शिकलेल्या होत्या, हा मला योगायोग वाटत नाही. २००६ पासून हे काम सारा प्रॅट करतात.

गाय इथे आली १९११ मध्ये, जे. के. डॅनियल्स या शिल्पकाराच्या हातून. उद्देश सरळ: दूधधंद्याची जाहिरात. जत्रा मात्र त्याहून जुनी. अमेरिकेतली पहिली राज्य जत्रा न्यू यॉर्कमधल्या सिरॅक्यूजला १८४१ मध्ये भरली, आयोवाची १८५४ मध्ये फेअरफील्ड गावात. शेतकऱ्यांनी जनावरं, धान्य, अवजारं घेऊन यावं, शेजाऱ्याचं बघावं, आपलं दाखवावं, एवढाच हेतू. मग आयोवाची जत्रा गावोगाव फिरली, १८७९ मध्ये दे मॉइन शहरात आली आणि १८८६ पासून आजच्या मैदानावर आहे.

नुसत्या बैलांनी गर्दी जमत नाही, हे आयोजकांना लवकरच कळलं. १८९६ मध्ये दोन रेल्वे इंजिनं समोरासमोर धडकवली, लोकांनी तिकीट काढून बघितली! १९३२ मध्ये पुन्हा तोच खेळ. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वर्ष होतं, म्हणून इंजिनांना दोन उमेदवारांची नावं दिली होती: हूवर आणि रूझवेल्ट.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ जत्रा भरली नाही, मैदान लष्कराच्या सामानाला दिलं होतं. २०२० मध्ये कोविडमुळे पुन्हा खंड पडला. एरवी अकरा दिवसांत दहा लाखांवर माणसं येतात.

जाणार असाल तर शेती इमारतीत गाईजवळच्या बाकीच्या लोणीमूर्तीही बघा, त्या दरवर्षी बदलतात. १९९७ मध्ये तिथे लोण्याचा गायक एल्विस प्रेस्ली उभा होता.