भिंतीवरची फाईल

नमस्कार श्रोतेहो. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला डॉक्टर किती असतात, जरा मोजा. ऑपरेशन करणारे सर्जन मुंबई-पुण्याला, हार्टचे डॉक्टर जिल्ह्याला, फॅमिली डॉक्टर गल्लीत, दातांचे डॉक्टर तालुक्याला. शिवाय मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा, जो चिठ्ठी नसतानाही दुखण्याची गोळी काढून देतो. (त्याच्यावर एकदा वेगळं बोलायचंय मला.) या सगळ्यांची गाठ पडते ती फक्त पेशंटच्या अंगात.

आमच्या ओपीडीत एक मावशी येतात. लहानपणी सांधेताप झालेला, त्यात हृदयाच्या डाव्या बाजूची माइट्रल झडप गेली. आता धातूची बसवलीय. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण २.५ ते ३.५ मध्ये. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची.

तर मावशींची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "फाईल?" मावशी म्हणाल्या, "फाईल लेकाकडं, लेक पुण्यात. मी हे आणलंय." आणि काखेतलं गुंडाळलेलं भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी खुर्चीवरच उलगडलं! दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, एका तारखेला "दूध पाणचट". दुधाबद्दल मावशींचं बरोबरच आहे, पण ते राहू दे. त्याच चौकटींत "गोळी अर्धी", "गोळी पाऊण", "रक्त ३.१". आणि चार दिवसांपूर्वीच्या चौकटीत "जुलाब", त्याला सेफ्टी पिनने टोचलेली गोळ्यांची रिकामी पट्टी.

दातांच्या डॉक्टरांनी पट्टीवरचं नाव वाचलं, मेट्रोनिडाझोल, आणि पक्कड खाली ठेवून आम्हाला फोन केला. या औषधाने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढतो. त्याच दुपारी तपासणी केली. आयएनआर ५.४! दाढ त्या दिवशी निघाली असती तर रक्त थांबवताना सगळ्यांची धावपळ झाली असती. आम्ही गोळी दोन दिवस थांबवली, पुन्हा रक्त तपासलं, आकडा जागेवर आला. मग गोळी चालू ठेवूनच दाढ काढली, तासभर आधी अँटिबायोटिक देऊन. दाढ काढताना जंतू रक्तात शिरतात आणि बसवलेल्या झडपेवर घर करू शकतात, म्हणून तो डोस.

जुलाबाचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना मात्र झडपेचं ठाऊकच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "पोट दाखवायला गेले होते, छातीचं कशाला सांगू?" म्हणून सांगतो, सर्दी असो, जुलाब असो, दात असो, आधी सांगा: झडप बदललीय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. पुन्हा सांगतो, झडप बदललीय, गोळी चालू आहे. आणि लिहा. मोबाईलमध्ये फोटो असतो म्हणाल, पण तो नेमका चार्जिंग संपल्यावर लागतो.

वेळ संपत आली, बाकीचं भरभर. पालक-मेथीने गोळीचा जोर कमी होतो, पण म्हणून ती बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. दुखण्याची गोळी मनाने नको. मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधी भेटा, कारण गोळीचा पोटातल्या बाळावर परिणाम होऊ शकतो. आणि आजची गोळी विसरलात तर उद्या दोन घेऊ नका. कॅलेंडरवर "राहिली" लिहा आणि आम्हाला फोन करा.