परीक्षणाला आलेले दोन खंड

नमस्कार श्रोतेहो. ॲनी बेझंट म्हटलं की आपल्याला आठवतात होमरूल, टिळक आणि १९१६ साल. आज मात्र मला त्यांच्या लंडनच्या दिवसांबद्दल बोलायचंय. तेव्हा त्या पत्रकार होत्या, आणि पक्क्या नास्तिक.

२३ जून १८८८ रोजी ‘द लिंक’ या अर्ध्या पेनीच्या साप्ताहिकात त्यांनी ब्रायंट अँड मे कंपनीच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यातल्या मुलींवर लेख लिहिला. मुलींना गाठून विचारलं होतं, मजुरी किती, दंड किती? पाय मळके दिसले तरी तीन पेन्स कापायचे! सोळा वर्षांच्या एका पोरीला आठवड्याला चार शिलिंग मिळत. दोन्ही वेळा चहा आणि लोणी-पाव. पण महिन्यातून एकदा एका ठिकाणी जेवायला जाते, तिथे कॉफी, जॅम, मार्मालेड, आणि तेही भरपूर, हे सांगताना तिचे डोळे नाचत होते. अख्ख्या लेखात हीच ओळ माझ्या मनाला लागते. पुढच्या महिन्याभरात सुमारे १४०० कामगार संपावर गेल्या आणि जिंकल्याही.

पुढच्याच वर्षी ‘पॅल मॅल गॅझेट’ या लंडनच्या दैनिकाचे संपादक स्टेड यांनी थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्लाव्हॅट्स्कीबाईंच्या ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ या ग्रंथाचे दोन जाडजूड खंड परीक्षणासाठी त्यांच्या हाती दिले. स्टेडच्या हाताखालची तरुण मंडळी या खंडांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. बेझंटबाईंनी ते चक्क वाचले. (परीक्षणाला आलेली पुस्तकं सगळेच वाचतात असं थोडंच आहे!) मग स्टेडकडूनच ओळखीची चिठ्ठी घेऊन लेखिकेला भेटल्या. ब्लाव्हॅट्स्की म्हणाल्या, माझ्याविरुद्धचा अहवाल आधी वाचा, मग या. गूढ घटनांचा शोध घेणाऱ्या एका लंडनच्या संस्थेच्या त्या अहवालात ब्लाव्हॅट्स्कींना लबाड ठरवलं होतं. बेझंटबाईंनी तो वाचला, त्यांना तो पटला नाही, आणि मे १८८९ मध्ये त्या थिऑसॉफिस्ट झाल्या.

पुढे लेडबीटर या थिऑसॉफिस्ट सहकाऱ्याबरोबर त्यांनी विचारांचे आकार आणि रंग सांगणारं सचित्र पुस्तकच काढलं. राग असा दिसतो, माया अशी दिसते. लिहिण्याची धाटणी बातमीदाराचीच, डोळ्यांनी पाहिल्यासारखी. पण कारखान्यातल्या पोरीला पुन्हा जाऊन विचारता येतं, या आकारांबद्दल विचारायचं कुणाला? मी तिथे अडखळतो.

१८९३ मध्ये त्या भारतात आल्या. गूढविद्येवरची व्याख्यानं, पुस्तकं चालूच राहिली. आणि १९१४ साली मद्रासला त्यांनी एक जुनं दैनिक विकत घेऊन त्याचं ‘न्यू इंडिया’ केलं. तेव्हा बाईंचं वय होतं ६६.