तपासणीचा कागद कसा वाचावा

मंडळी, वाचनालयाने मला सुचवलं होतं, कुठल्या हॉटेलात जेवू नये ते सांगा. ते काही मी सांगणार नाही. मला मालवणातच राहायचंय. (हशा) पण एखाद्या खाणावळीच्या तपासणीचा अहवाल हातात आला, तर त्यात बघायचं काय, ते सांगतो.

लोक आधी दंड किती झाला ते बघतात. मी बघतो, तोच शेरा पुन्हा आलाय का. ओट्याखाली झुरळं, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी राहिलेली, विहिरीच्या पाण्याचा अहवाल नाही, असं एकदा कुणाकडेही सापडेल. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम 32 त्यासाठीच आहे: सुधारणा नोटीस आणि किमान 14 दिवसांची मुदत. पुढच्या तपासणीत झुरळं तिथेच असतील, तर मात्र मालकाने नोटीस नुसती फाइलला लावली, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या किनाऱ्यावर खरा मुद्दा थंडाव्याचा. ताजी मासळी 5 अंशांच्या आत हवी. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी गरम राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि ते एकदा झालं की कितीही तळा, उकळा, जात नाही. तिरफळं घाला नाहीतर आगळ ओता. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं आणि तो म्हणतो, "माका बांगडो बाधलो." बांगड्याचा काय दोष? पेटीतला बर्फ संपला होता!

पावसात तर विचारूच नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, म्हणजे त्या दिवसांत ताटातली सुरमई बहुतेक साठवणीतली. त्यात वादळ झालं की वीज गेलीच. ज्या मालकाच्या तापमानाच्या वहीत "रात्रभर वीज नव्हती, माल टाकला" असं लिहिलेलं असेल, त्याच्याकडे मी बिनघोर जेवेन. उलट महिनाभर रोज 4 अंश, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरल्यासारखे दिसले, की मी थर्मामीटर कुठे ठेवलाय ते विचारतो. बऱ्याचदा तो शोधावा लागतो.

तळणीच्या तेलाचाही नियम आहे, 2018 पासून. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जे पोलर घटक वाढतात, ते 25 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

आता हे अहवाल मिळवायचे कसे? बिलावर चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असतो, 2022 पासून तो सक्तीचा आहे. तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी 10 रुपये. कार्यालयाने मालकाचं म्हणणं मागवायचं ठरवलं, तर उत्तराला नेहमीच्या 30 दिवसांपेक्षा थोडं जास्त लागतं. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल आणि कलम 32 च्या नोटिशी, यांच्या प्रती मागा.