रिळावर रंगवलेला सिनेमा

नमस्कार मंडळी.

आमचे आण्णा चादरीची डिझाइनं काढायचे. सोलापूरच्या पूर्व भागात घर, पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर हा एवढा मोठा ग्राफपेपर आणि बारीक ब्रश. एकेक चौकोन भरत बसायचे, हा लाल, हा सोडला, हा परत लाल. मी लहान असताना विचारायचो, आण्णा मोर कुठाय यात, तर म्हणायचे, आत्ता नाही दिसणार रे, मागावर चढला की दिसतो. नंतर त्या ग्राफवरनं जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, कार्डं पंच व्हायची, भोक असलं की धागा वर, नसलं की खाली, आणि मग खडखडखड आवाजात तो मोर खरंच एकेक ओळ करत वर यायचा. तासन्‌तास बघत उभा राहायचो मी.

हे आधी सांगायचं कारण असं, की आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय तोही असाच चौकोन चौकोन भरून करतात. कॅमेरा लागतच नाही. सरळ फिल्मच्या पट्टीवर ब्रशनं, शाईनं, सुईनं काम करायचं आणि ती पट्टी प्रोजेक्टरमधनं पळवायची. पडद्यावर माणूस नाही, गोष्ट नाही, नुसते रंग, रेघा, ठिपके नाचत असतात. बरेच जण म्हणतात यात समजण्यासारखं काय आहे. मला वाटतं सोलापूरच्या माणसानं तरी हे म्हणू नये, आपण जन्मभर नक्षीत झोपलोय, चादरीवरच्या नक्षीचा अर्थ कुणी विचारलाय का कधी?

आता थोडा हिशोब. साध्या 35 एमएम फिल्मवर एका सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 24 चित्रं, पळतात. एका फुटात 16 चौकटी बसतात, म्हणजे एका सेकंदाला दीड फूट आणि एका मिनिटाला 90 फूट फिल्म. मिनिटभराच्या सिनेमाला 1440 चित्रं झाली, आणि चौकट केवढी, तर अंगठ्याच्या नखापेक्षा जराशी मोठी. कडेला भोकं असतात, दर चौकटीला चार चार, ती मोजली की कळतं चित्र कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं. आण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांना एका मिनिटात कळलं असतं.

न्यूझीलंडचा लेन लाय म्हणून एक कलाकार, त्यानं 1935 साली लंडनमध्ये असा रंगवलेला सिनेमा केला, आणि तो कुणासाठी, तर तिथल्या पोस्ट खात्यासाठी! शेवटी पार्सलच्या दराची जाहिरात येते, पण तोवर सगळा रंगांचा धिंगाणा. मग नॉर्मन मॅक्लारेन, मूळचा स्कॉटलंडचा, कॅनडाच्या सरकारी फिल्म बोर्डात काम करायचा. त्यानं आणि एव्हलिन लॅम्बार्टनं 1949 मध्ये पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या जॅझवर एक फिल्म रंगवली, सात-आठ मिनिटांची. काही ठिकाणी तर चौकटी बिवकटी न बघता लांबच्या लांब पट्टीच रंगवत गेले, आणि ओल्या रंगावर कापडं दाबून त्यांच्या विणीचे ठसे उठवले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून आमच्या चादरीवरनं हात फिरवला, खरंच सांगतो. मॅक्लारेन तर फिल्मच्या कडेला जिथं आवाजाची पट्टी असते तिथंही रेघा काढायचा, प्रोजेक्टर त्या रेघांचा आवाज करायचा, म्हणजे आवाजसुद्धा हातानं काढलेला.

आणि हे सगळं परदेशातलंच असं नाही हं. मुंबईला फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत प्रमोद पती होते, ओडिशाचे, प्रागला जाऊन ॲनिमेशन शिकून आलेले, त्यांनी 1968 च्या आसपास सरकारी पैशातून असले धाडसी शॉर्ट, म्हणजे छोटे सिनेमे, केलेत की आजही बघताना दचकायला होतं. 1975 मध्ये गेले, फार लवकर. चित्रकार अकबर पदमसींनी 1970 च्या सुमारास नुसत्या रेघा आणि ठिपक्यांचा एक सिनेमा केला, त्यात आवाजच नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन, त्यांनी 1967 मध्ये राजस्थानात जाऊन एक शॉर्ट केला, तो काही रंगवलेला नव्हता, कॅमेऱ्यानंच घेतलेला, पण त्यातही गोष्ट नाही, निवेदन नाही, फक्त चित्रकाराची नजर. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला गोल्डन बेअर हे बक्षीस मिळालं. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

मी स्वतः करून बघितलं ते सांगतो. आपल्याकडच्या एका बंद पडलेल्या टॉकीजचे ऑपरेटर काका ओळखीचे, त्यांच्याकडं जुन्या ट्रेलरचे तुकडे पडून होते. एक तुकडा धुण्याच्या ब्लीचमध्ये टाकला, चित्राचा थर सुटून आला, पुसला की काचेसारखी स्वच्छ पट्टी. दुसरा तुकडा तसाच काळा ठेवला आणि सुईनं खरवडला. जरासं खरवडलं तर हिरवं निघतं, अजून दाबलं की पिवळं, आणि पार खोल गेलं की पांढरं, कारण रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे थर एकावर एक असतात. हाताच्या दाबावर रंग ठरतो! तो हिरवा पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि कुणाला उठवून दाखवावं कळेना.

12 फूट केलं, 192 चौकटी, आठ सेकंद. पंधरा दिवस गेले त्यात. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी घाई केली, शाई नीट वाळली नव्हती, मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोर फिल्म सरकते त्या फटीत, घासून अर्धी पट्टी फरफटली. काका काही बोलले नाहीत, स्पिरिटनं मशीन पुसत बसले. परत रंगवली, चार दिवस दोरीवर वाळत टाकली, आईच्या साड्यांच्या शेजारी.

दुसऱ्यांदा लावताना आईला घेऊन गेलो. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, सिनेमा म्हटलं की तिला गाणी पाहिजेत. अंधार झाला, मशीन सुरू झालं, तोच खडखडखड आवाज, आणि पडद्यावर लाल, हिरवं, पिवळं धावत सुटलं. आठ सेकंदात संपलं पण. आई थोडा वेळ गप्प होती, मग काकांकडं वळून म्हणाली, "आण्णांचा माग असाच वाजायचा बघा. परत लावा की."

काकांनी सात वेळा लावलं.