वाटर्लूचा मग आणि आपलं अडगाव

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी गेलेली मुलं घरी येताना चिनी मातीचा मग हमखास आणतात. आमच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात एका घरी असाच एक मग आहे, लंडनहून आलेला. त्यावर वाटर्लूच्या लढाईचं चित्र, म्हणजे इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं त्या लढाईचं. तांबूस घोड्यावर सेनापती वेलिंग्टन, मागे लाल डगल्यांची पलटण, तोफांचा धूर. मगाच्या कानाजवळ चित्राची दोन टोकं जुळतात, तिथं एका शिपायाचा पाय गुडघ्यातच तुटलाय. कडेवरून बोट फिरवलं की बारीकसा उंचवटा लागतो. म्हणजे चित्र झिलईच्या वर आहे. भाजून, झिलई चढवून तयार झालेल्या मगावर छापील चित्राचा पातळ पापुद्रा पाण्यात भिजवून चिकटवतात आणि मग पुन्हा भट्टीत घालतात.

वेलिंग्टनच्या काळात हेच काम तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून व्हायचं. खाचांत रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो भांड्यावर घासून बसवायचा आणि पाण्यानं कागद सोडवायचा. एका पत्र्यावरून भराभर भांडी निघत. इंग्लंडमधल्या साध्या घरांतही सेनापती पोचले ते अशा भांड्यांवरून.

त्या घरातल्या नातवानं विचारलं, "आबाजी, हा घोड्यावरचा सायेब कोन व्हय?" आबाजी म्हणाले, "असंन कोनी इंग्रज."

मंडळी, हा साहेब आपल्याच शिवारात लढून गेलाय. वाटर्लू झालं १८ जून १८१५ला. त्याच्या साडेअकरा वर्षं आधी, २९ नोव्हेंबर १८०३ला, तो आपल्या अडगावला होता. तेव्हा त्याचं नाव होतं आर्थर वेलस्ली. समोर नागपूरकर रघुजी भोसल्यांची फौज, त्यांचे बंधू व्यंकोजी तिचे सेनापती, आणि जोडीला शिंद्यांचं घोडदळ. लढाईला तोंड लागलं तेव्हा दिवस कलला होता. भोसल्यांच्या तोफांनी असा मारा केला, की दोनच महिन्यांपूर्वी असईला जिंकून आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी बिथरून मागे पळाल्या. वेलस्लीनं स्वतः पुढे होऊन त्यांना सावरलं. आपण हरलो हे खरं आहे, पण त्या तोफांमागे उभं राहणारी माणसंही होती.

त्यानंतरचा चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याचा वेढा तर मला त्याहून मोठा वाटतो. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या फौजेनं मेळघाटातून वाट काढत अवजड तोफा गडाच्या उत्तरेला ओढून नेल्या. चिखलदऱ्याचे घाट ज्यांनी बैलगाडीनं चढलेत, त्यांना ते काय काम असेल हे सांगायला नको. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. महिनाअखेरीस शिंद्यांचा तह झाला, तो सुर्जी-अंजनगावला. हे आपलंच अंजनगाव, ज्याच्या बाजारात आपण पानं घ्यायला जातो.

मग एक गोष्ट मनाला लागते. ज्यानं आपला मुलूख घेतला त्याचा घोडा आपल्या चहाच्या मगावर, आणि बेनीसिंगाचं नाव घरातल्या पोराला ठाऊक नाही! इंग्रजांना मी दोष देत नाही. त्यांनी आपली माणसं आठवणीत ठेवली. आपण आपली का नाही ठेवली, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे काही अवघड नाही. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत आज लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो मगावर छापून मिळतात. खास लेप दिलेला मग, छापील कागद आणि तापणारं यंत्र, एवढ्यावर भागतं. चिनी मातीचं चांगलं काम करणारी माणसं आपल्या भद्रावतीतही आहेत. मग चिखलदऱ्याच्या दुकानांत गाविलगडचा मग का असू नये? बेनीसिंगाचा चेहरा मात्र मनानं रंगवू नका, खोटा चेहरा एकदा छापला की तोच खरा होऊन बसतो. त्यापेक्षा गडाचा शार्दूल दरवाजा काढा, त्यावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी काढा. खाली तारीख आणि दोन्ही बाजूंच्या सेनापतींची नावं लिहा.

अकोट, तेल्हारा, अंजनगावच्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की मुलांना एकदा अडगावला न्या. २९ नोव्हेंबरच्या आत त्यांच्याकडून चित्रं काढून घ्या, आणि त्यातलं एक मगावर छापून शाळेच्या कार्यालयात ठेवा. नमस्कार.