ट्रकचं उतरलेलं दार

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रक जुना झाला की त्याचं दार लावायची एक खास रीत ठरून जाते. हँडल धरायचं, दार जरासं वर उचलायचं आणि उचललेलं असतानाच आत ढकलायचं. मालकाच्या हाताला ते इतकं वळण पडलेलं असतं की आपण काही वेगळं करतोय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पलीकडच्या बाजूने नवा माणूस चढला की तो बिचारा दार आपटत बसतो आणि आतून आवाज येतो, "अहो, उचलून लावा!" आज बोलायचंय ते या उचलून लावायच्या दाराविषयी.

दार लागत नाही म्हटलं की आपली नजर आधी कुठे जाते? जिथे ते अडतंय तिथे. दाराच्या मागच्या कडेला लॅच असतो, आणि समोर केबिनच्या खांबावर बोल्टने बसवलेला खुंटा किंवा कडी, म्हणजे स्ट्रायकर. लॅचमधला आकडा फिरतो आणि स्ट्रायकरला पकडतो. दार खाली आलं की लॅचचं तोंड स्ट्रायकरच्या खाली जातं आणि पकड चुकते. मग सोपा उपाय सुचतो: स्ट्रायकर ढिला करा, थोडा खाली सरकवा, कसून टाका. दार लागतं, माणूस खूश होतो. पण हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं. बिघाड पुढच्या कडेला, बिजागरीत असतो, आणि आपण हात घालतो मागच्या कडेला. दार आणखी उतरतच राहतं. स्ट्रायकरला खाली सरकायला जागा थोडीच असते. ती एकदा संपली की तोही उपाय गेला. तोवर दाराची खालची कड घासून रंग उडालेला असतो आणि तिथे गंज धरलेला असतो.

बिजागरीत नेमकं काय होतं ते बघू. दोन पाती, त्यांच्यामधून जाणारी पोलादी पिन, आणि पिनीभोवती बुश, म्हणजे छोटी नळी. बुश बहुधा पितळेचा किंवा काशाचा, पिनीपेक्षा मऊ. तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. झिजायचंच तर त्याने झिजावं, पिनीने नाही, आणि बदलायलाही तोच सोपा. ग्रीस सुकलं, त्यात धूळ बसली की बुश झपाट्याने झिजतो. ट्रकच्या बाबतीत भर पडते ती चढण्याची. केबिन उंच, म्हणून चढताना-उतरताना माणूस उघड्या दारावर भार टाकतो. काच आणि काच वरखाली करायची यंत्रणा पोटात घेऊन दार आधीच जड झालेलं असतं, त्यात माणसाचं वजन.

झीज किती म्हणाल, तर एखादा मिलिमीटर. पण दोन बिजागऱ्यांमधलं अंतर चाळीस सेंटीमीटर आणि दाराची लांबी एक मीटर धरली, तर वरच्या बिजागरीत १ मिलिमीटर ढिलेपणा आला की दाराची मागची कड अडीच मिलिमीटर उतरते. दोन्ही बिजागऱ्या तेवढ्याच झिजल्या तर ५ मिलिमीटर. लॅच चुकायला एवढं पुरे. वरची बिजागरी ओढली जाते, खालची दाबली जाते, म्हणून दोष वरच्या बिजागरीत जास्त दिसतो.

आता तपासणी. दार अर्धं उघडा, मागच्या कडेखाली हात घालून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. पिन बुशमध्ये हलत असेल तर बुश गेले. अख्खी बिजागरीच खांबावर किंवा दारावर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत. आणि बोल्ट घट्ट असूनही बिजागरीभोवतीचा पत्रा लवत असेल, तर पत्र्याला चीर गेली आहे किंवा तो आतून गंजलाय. तिथे वेल्डिंगवाल्याशिवाय गत्यंतर नाही. नवे बुश घालून काही साधणार नाही. आणखी एक खूण म्हणजे बंद दाराच्या पुढच्या कडेची फट. ती वर रुंद आणि खाली अरुंद दिसली तर दार नक्की उतरलंय.

लाकडी ठोकळा बिजागरीत अडकवून दार दाबायचं किंवा जॅकने दार वर रेटायचं, म्हणजे बिजागरी वाकून दार वर येतं, ही युक्ती अनेकांना ठाऊक असते. बिजागरीचं पातंच वाकलं असेल तर ती कधीकधी लागू पडते. बुश झिजले असतील तर काही दिवसांत दार पुन्हा खाली, आणि वर खांबाचा पत्रा पिचकायचा धोका. मला तो उपाय पसंत नाही.

बुश बदलायचे तर आदल्या दिवशी पिनींवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दाराखाली जॅक लावा, त्यावर फळी आणि फळीवर जाड कापड, आणि भार पेलेल एवढंच उचला. दारात वायरी जात असतील तर बॅटरीचं टोक काढून ठेवा. काही ट्रकच्या बिजागरीत दार उघडं धरून ठेवणारी दणकट स्प्रिंग असते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाऊ शकतो. ती काढताना चष्मा हवाच, शिवाय तिच्याभोवती जाड फडकं गुंडाळा आणि स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार वापरा.

एका वेळी एकच पिन काढा, म्हणजे दार अख्खं उतरवावं लागत नाही. पंच आणि हातोड्याने पिन बाहेर ठोका, जुने बुश काढा, भोक साफ करा. भोक लंबगोल झालं असेल तर नवा बुश त्यात टिकणार नाही. मोठ्या मापाचा बुश किंवा नवी बिजागरी घ्यावी लागते. नवा बुश शिकंजात दाबून बसवलेला बरा, हातोड्याने त्याची कड चेपते. वरचे-खालचे बुश कधीकधी वेगळ्या मापाचे असतात, तेवढं आधी पाहून घ्या. पिनीला ग्रीस लावून ती घाला, मग दुसरीकडे वळा.

यानंतरही फट तिरकी राहिली तर बिजागरीचे बोल्ट. ढिले करण्याआधी बिजागरीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा, नाहीतर मूळ जागा कुठे होती ते कळणार नाही.

आणि आता स्ट्रायकर, सगळ्यात शेवटी. पूर्वी कुणी तो खाली सरकवलेला असेल तर आता तो वर घ्यावा लागेल. बोल्ट फक्त ढिले करा, पूर्ण काढू नका. मागची नटांची पट्टी खांबाच्या आत पडली तर ती शोधण्यात दिवस जाईल. स्ट्रायकरला जरा ग्रीस फासून दार हळूच लावा, लॅचच्या तोंडाशी ग्रीस कुठे लागलं ते बघा. मधोमध लागलं की जमलं.

बिजागऱ्या चांगल्या असूनही दार लागत नसेल, तर दार उघडं ठेवून लॅचमधला आकडा स्क्रूड्रायव्हरने फिरवा. दोनदा टक असा आवाज यायला हवा. आलाच नाही तर आतलं ग्रीस घट्ट झालंय, किंवा बाहेरच्या हँडलची सळई अडकून आकड्याला पकडूच देत नाहीये. तपासून झालं की हँडल ओढून आकडा मोकळा करा, मगच दार लावा.

पहिल्या टकवर थांबलेलं दार अर्धंच लागलेलं असतं. लॅचच्या सुरक्षा चाचणीत पूर्ण पकडीने साधारण ११ हजार न्यूटन ओढ सोसावी लागते, अर्ध्या पकडीला मात्र साधारण साडेचार हजारच. तेव्हा काम झाल्यावर दार आतून खांद्याने ढकलून बघा, ट्रक खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणा, आणि परत आल्यावर बिजागरीच्या व स्ट्रायकरच्या बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावा. नव्याने बसवलेले बोल्ट पहिल्या हादऱ्यांत थोडे सैल होतात.

नमस्कार.