वावळाचं बी मृगापर्यंत थांबत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

कळंब तालुक्यात, मांजरेच्या काठाला आमचं गाव. गावाबाहेर महादेवाचं देऊळ आणि देवळामागं एक जुना वावळ. कुणी वावळा म्हणतं. पाडव्याच्या पुढंमागं बघितलं तर झाड पोपटी दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, पालवी फुटली. पालवी कसली, ती फळं असतात. जुन्या रुपयाएवढी गोल, चपटी चकती, मधोमध बी आणि भोवती पापडासारखा पातळ पंख. चैत्र सरता सरता ती वाळून भुरकट होतात आणि दुपारच्या वावटळीत सारं अंगण त्यांनी भरून जातं. शाळेत होतो तेव्हा आम्ही पंख चोळून काढायचो अन् आतलं बी खायचो. शेंगदाण्याच्या कच्च्या दाण्याची आठवण यावी, अशी चव.

हा वावळ म्हणजे आपल्याकडचा एल्म. एल्म हे थंड मुलखातलं झाड, काश्मीरपासून पार इंग्लंड-अमेरिकेपर्यंतचं. मराठवाड्याच्या उन्हात ते कुठलं टिकायला? पण वावळ त्याच्याच कुळातला. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं आधी त्याला एल्ममध्येच घातलं होतं. पुढं 1848 साली प्लांशाँ यांनी तो वेगळा काढला आणि नाव ठेवलं होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया. त्यातलं प्टेलिया म्हणजे ग्रीक भाषेत एल्मच, आणि इंटेग्रिफोलिया म्हणजे अखंड कडेच्या पानाचा. एल्मच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, वावळाच्या पानाची कड सलग असते. भावकीत वावळ वेगळा ओळखू येतो तो या कडेवरून. तिची गंमत शेवटी सांगतो.

याच भावकीतला एक दुर्मिळ भाऊ काश्मीरच्या खोऱ्यात आहे. शास्त्रीय नाव उल्मस व्हिलोसा, तिकडं त्याला मार्न म्हणतात. पंचवीस-तीस मीटर उंच वाढणारं, खाली झुकणाऱ्या फांद्यांचं देखणं झाड. हे झाड दुर्मिळ का झालं, ते ऐका. त्याचा पाला गुरांना फार आवडतो. लोकांनी फांद्या तोडून तोडून गुरांपुढं टाकल्या, वर्षानुवर्षं. आज तिथले मोठे, जुने मार्न मुख्यतः देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या आवारात उरलेत, कारण तिथं कुऱ्हाड चालवायची कुणाची छाती होत नाही.

हे वाचलं आणि मला आमचा महादेव आठवला. बहात्तरच्या दुष्काळात चारा म्हणून काय काय ओरबाडलं गेलं, ते ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको. बांधावरचे वावळ आमच्या आज्यानं स्वतः छाटले. छाटले की फुटतात, या झाडाचा तो गुण आहे. पण फुटवा वर यायच्या आत पुन्हा कोयता, असं किती वेळा सोसणार? देवळामागचा तेवढा राहिला. काश्मिरात काय अन् कळंबात काय, झाड वाचलं ते देवाच्या धाकानं. आता तो धाकही पातळ होत चाललाय, सभामंडप बांधायला निघाले की पहिली नजर झाडावरच जाते.

एल्मची किंमत परदेशात कळली, पण जरा उशिरा. एका बुरशीमुळं होणारा रोग तिकडं पसरला. सालीखालचे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. हॉलंडमधल्या संशोधक बाईंनी, बी श्वार्त्झ यांनी, 1920 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती बुरशी शोधली. शोध डच, म्हणून रोगाचं नावही डच एल्म रोग पडलं. बिचाऱ्यांच्या देशाला उगीच बट्टा! पुढच्या साथीत एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. त्या साथीच्या आधीच, रोगाला दाद न देणारं रक्त शोधत हान्स हेब्रुक हे डच वनशास्त्रज्ञ 1960 च्या सुमारास थेट हिमालयात आले. तिथल्या उल्मस वालिचियाना या एल्मशी संकर करून हॉलंडमध्ये टिकाऊ जाती तयार झाल्या. त्यातली लोबेल ही जात तिकडच्या रस्त्यांच्या कडेनं उभी आहे.

आता आपल्या वावळाकडं. त्याची लागवड सोपी आहे, पण मी ती पहिल्या वर्षी पार वाया घालवली. एप्रिलमध्ये दोन शेर बी गोळा केलं, कापडी पिशवीत भरलं आणि माळवदाच्या खोलीत खुंटीला टांगलं. म्हटलं, मृग पडला की टाकू. जूनमध्ये वाफा केला, बी टाकलं, रोज झारीनं पाणी घातलं. एक कोंब आला नाही. हरभऱ्याच्या हिशेबानं मी या बियाला वागवलं, तिथंच चुकलं. एल्मच्या कुळातल्या बऱ्याच झाडांचं बी पडल्या पडल्या रुजायला बघतं. उन्हाळाभर उबेत ठेवलं की त्यातला जीव जातो.

दुसऱ्या वर्षी अंगणात पडलेल्या भुरकट चकत्या सकाळीच वेचल्या, रात्रभर भिजवल्या आणि त्याच आठवड्यात टाकल्या. पंखासकट, नुसता मातीचा पातळ थर वर. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापानं. वर जुन्या लुगड्याची सावली, कारण आपलं एप्रिलचं ऊन कोवळ्या कोंबाला भाजून काढतं. नवव्या दिवशी वाफा हिरवा झाला. चार-पाच पानांवर रोपं पिशव्यांत घेतली. काही त्याच पावसात लावली, ती कमजोर निघाली. एक वर्ष पिशवीत वाढवून पुढच्या जुलैत लावलेली मात्र तगली. म्हणून माझं मत, घाई करू नका. खड्डा दीड-दोन फुटांचा, दोन झाडांत पंधरा-वीस फूट. निचऱ्याची मुरमाड किंवा ओढ्याकाठची जमीन बघा, पाणी साचणारं काळं रान नको. पहिले दोन उन्हाळे बुडाशी मडकं पुरून पाणी द्या आणि काट्याचं कुंपण घाला. चुरगाळलेल्या पाल्याला घाण वास येतो, तरी शेळी त्याचं काही ऐकत नाही.

एक सावधगिरी. माघ-फाल्गुनात याला बारीक, बिनरूपाचा मोहर येतो आणि त्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. दमेकऱ्यांना आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते त्रास देतात. तेव्हा दाराशी, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या खिडकीजवळ वावळ नको. गायरान, ओढा, स्मशानाची वाट, तिथं लावा.

लाकडाचं म्हणाल, तर ते हलकं, फिकट पिवळसर. फण्या, काडेपेट्या, गाड्याचं बारीकसारीक काम यापुढं जात नाही. सागवानासारखा भाव नाही, म्हणून रोपवाटिकेत याला कुणी विचारत नाही. मीही भावासाठी लावलेला नाही.

आता ती पानाच्या कडेची गंमत. माझ्या रोपांना पहिली पानं आली, तेव्हा मी चक्रावलो. कडेला दाते! वाटलं, वाफ्यात दुसरंच काही उगवलं, उपटायलाही निघालो होतो. मग देवळामागच्या झाडाच्या बुंध्याला फुटलेला नवा धुमारा बघितला, त्यालाही तसेच दाते. वावळ लहानपणी एल्मसारखा दातेरी असतो, मोठेपणी त्याची कड सलग होते. आत्ता माझ्या बांधावर तीन वर्षांचं रोप आहे, कमरेच्या वर आलंय. त्याची खालची पानं अजून दातेरी आहेत आणि शेंड्याची चार गुळगुळीत.

नमस्कार.